यहेज्केल १६ बायकांच्या प्रार्थनासभेत कसा वाचायचा?

नगरची_बाई

सर्वांना जय ख्रिस्त. प्रश्न लांब आहे, पण नीट सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आमच्या मंडळीत दर बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते. चौदा-पंधरा जणी येतात. बहुतेक धुणीभांडी, शिवणकाम आटोपून येणाऱ्या, दोघी-तिघी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका. पद्धत साधी आहे. पवित्र शास्त्रातलं एक पुस्तक धरायचं, क्रमाने जायचं, प्रत्येकीने एक वचन वाचायचं. मधला भाग गाळायचा नाही, हा नियम मीच घातलेला. अवघड वचनं चुकवत गेलं की आपण आपल्या आवडीचा देव तयार करतो, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

गेल्या बुधवारी जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १६ वा अध्याय आला. सुरुवातीला सगळ्या हळहळल्या. उघड्या माळावर टाकून दिलेली तान्ही पोर. नाळ कापलेली नाही, अंग धुतलेलं नाही, मीठ चोळलेलं नाही, दुपट्यात गुंडाळलेलं नाही. आमच्यातल्या एकीने पूर्वी दाईचं काम केलंय. ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, नाळसुद्धा नाही!" मग वाटेने जाणारा तो, म्हणजे देव, थांबतो आणि रक्तात लडबडलेल्या त्या जिवाला म्हणतो, जग. ती वाढते, वयात येते. तो तिच्यावर आपल्या वस्त्राचा पदर पसरतो, तिच्याशी करार करतो. तिला न्हाऊ घालतो, तेल लावतो. वेलबुट्टीची वस्त्रं, हातात बांगड्या, गळ्यात साखळी, नाकात नथ. नथ आली तेव्हा दोघी हसल्या, त्यांना ती पोर आपल्यातलीच वाटली.

मग १५ व्या वचनापासून आवाज खाली गेले. तिने तीच वस्त्रं घेऊन उच्चस्थानं (मूर्तिपूजेच्या जागा) सजवली, त्याच सोन्यारुप्याच्या मूर्ती केल्या, पोटची मुलं अग्नीत अर्पण केली, मिसरी, अश्शूरी, खास्दी (बाबेलचे लोक) सगळ्यांच्या मागे गेली. आणि मग शिक्षा. तिच्या सगळ्या यारांना गोळा करीन, त्यांच्यासमोर तुला उघडी करीन, ते तुझे दागिने काढून घेतील, तुला नागवी सोडतील, दगडमार करतील.

३९ वं वचन जिच्या वाट्याला आलं, तिने अर्धं वाचलं आणि पुस्तक मिटलं. म्हणाली, "बाई, आमचा पण असंच म्हणायचा. रस्त्यावरची होतीस, मी उचलून आणली, अंगावर कपडा मी घातला. आणि मग तोच कपडा ओढून मला दारात उभी करायचा."

कोणी काही बोललं नाही. मी प्रार्थना करून सभा संपवली. आयुष्यभर वर्गात उत्तरं दिली आणि त्या दिवशी माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

नंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "ते रूपक आहे, त्यातल्या बाईला बाई समजू नका." पण शास्त्राने नाळेपासून नथीपर्यंत सगळं बाईचंच सांगितलंय, मग बाई समजू नका कसं? संदेष्ट्याला इस्राएलाची बेइमानी सांगायची होती तर हेच चित्र का घेतलं? त्या काळच्या ऐकणाऱ्यांनी यात काय ऐकलं असेल? आणि येत्या बुधवारी मी काय करू? ४० वं वचन पुढे उभं आहे.

इब्री_वाचक

बाई, तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही.

यहेज्केल हा याजक. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यहूदाच्या यहोयाखीन राजाला धरून नेलं, तेव्हा दरबारी, योद्धे, कारागीर, लोहार अशी यरुशलेमेतली वजनदार माणसं बाबेलात नेली. त्यांच्यात हा होता. खबार कालव्याच्या काठी, तेल-अबीब नावाच्या वस्तीत, निप्पूर शहराच्या मुलखात. पुस्तकातल्या तारखा पाहिल्या तर हा अध्याय इ.स.पू. ५९२-५९१ च्या आसपासचा. म्हणजे यरुशलेम अजून उभं आहे, मंदिर उभं आहे, आणि या हद्दपार माणसांची खात्री आहे की आपण लवकरच परतणार, कारण देव आपलं शहर पडू देणार नाही. त्यांच्यासमोर हा उठून सांगतो: ती बाई तुम्ही आहात. ऐकणारे मुख्यतः पुरुष होते, तेही प्रतिष्ठित. ज्या अब्रूवर त्यांचं सगळं जगणं उभं होतं, त्याच जागी त्याने बोट ठेवलं.

बाईच का, याचा एक भाग भाषेत आहे. इब्रीत 'शहर' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि त्या सगळ्या प्रदेशात शहराला स्त्री म्हणून पाहायची जुनी रीत होती. त्याहून जुन्या सुमेरी विलापगीतांत ऊर शहराची देवी आपल्या पडलेल्या नगरासाठी रडते. यहेज्केलाच्या दीडशे वर्षं आधी होशेय संदेष्ट्याने इस्राएलाला बेइमान पत्नी म्हटलं होतं. यिर्मया संदेष्ट्याने यहूदा (दक्षिणेचं राज्य, राजधानी यरुशलेम) आणि इस्राएल (उत्तरेचं राज्य, राजधानी शोमरोन) या दोन बहिणी केल्या. यहेज्केलाने त्या चित्राला जन्मापासूनची पूर्ण कहाणी दिली, आणि ती त्याच्या पुस्तकातला सगळ्यात लांब अध्याय झाली.

दुसरा भाग राजकारणात आहे, आणि तो कळला की ३३ वं वचन लखकन उजळतं. तिथे म्हटलंय, सगळ्या वेश्यांना लोक पैसे देतात, तू मात्र यारांनाच पैसे देतेस. हे हवेतलं बोलणं नाही. शोमरोनच्या मनहेम राजाने अश्शूरच्या राजाला एक हजार किक्कार (तेव्हाचं मोठं वजन) चांदी दिली, धनवान माणसांकडून माणशी ५० शेकेल (लहान वजन) उकळून. यहूदाच्या आहाजाने परमेश्वराच्या मंदिरातलं सोनंरुपं काढून अश्शूरला नजराणा पाठवला. हिज्कीयासारख्या भल्या राजानेही इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीब राजाला ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं देण्यासाठी मंदिराच्या दारांचं सोनं खरवडलं. नवऱ्याने घातलेले दागिने उतरवून दुसऱ्याला देणं म्हणजे अक्षरशः हे. पुढच्याच १७ व्या अध्यायात यहूदाचा राजा सिद्कीया बाबेलच्या राजाला दिलेली शपथ मोडून मिसराकडे घोडे मागतो. त्या काळी सम्राटाशी केलेल्या करारातही 'प्रेम कर' असाच शब्द वापरत, आणि करार मोडणं हा विश्वासघात मानत. मूर्तिपूजा आणि परराष्ट्रांपुढे लोटांगण या दोन गोष्टी संदेष्ट्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्याच.

आणि ४१ वं वचन जरा हळू वाचा. "ते तुझी घरं जाळतील." घरं, अनेकवचन. एका बाईला किती घरं असणार? तिथे रूपक फाटतं आणि आतून जळणारं शहर दिसतं. यार म्हणजे ज्यांच्याशी तह केले ती साम्राज्यं, आणि तीच येऊन लुटतात. शोमरोन इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरने घेतलं, यरुशलेम ५८६ मध्ये बाबेलने. यहूदातलं लाखीश शहर पडलं त्याची शिल्पं सन्हेरीबाने आपल्या महालात कोरून घेतली होती, ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात कपडे उतरवलेले कैदी आहेत, आणि ते पुरुष आहेत. नागवं करणं हे जिंकणाऱ्या सैन्याचं काम होतं. यहेज्केलाने ते पाहिलेलं किंवा ऐकलेलं होतं.

दिवाबत्ती

इब्री_वाचक, तुमचा इतिहास बरोबर आहे. पण ऐकणारे पुरुष होते म्हणून रूपक पुरुषांपुरतंच राहिलं, असं सुचवत असाल तर पुढचा २३ वा अध्याय उघडा. अहला आणि अहलीबा, शोमरोन आणि यरुशलेम, त्याच दोन बहिणी. तिथे ४८ व्या वचनात कारण दिलंय: म्हणजे सगळ्या स्त्रिया धडा घेतील आणि तुमच्यासारखं वागणार नाहीत. म्हणजे रूपक तिथे खुद्द पुस्तकातच बायकांवर उलटलं. आणि त्या अध्यायाच्या शेवटी समेट नाही, काहीच नाही.

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत काम करते. बाई, तुमच्या त्या भगिनीने जे ऐकलं ते चुकीचं ऐकलं नाही. तिने क्रम ओळखला. आधी उपकार, मग मालकी, मग संशय, मग चारचौघांत उघडं करणं, आणि ४२ व्या वचनात राग शांत होणं. हा क्रम माझ्यासमोर बसणाऱ्या बायका मला पाठ म्हणून दाखवतात. राग उतरल्यावर तो कसा पायाशी येऊन बसतो तेही सांगतात. स्त्री अभ्यासकांनी हे गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोकळेपणाने लिहिलंय. त्यातल्या बऱ्याचजणी श्रद्धावान आहेत आणि शास्त्र सोडून द्यायला तयार नाहीत.

येत्या बुधवारी कृपा करून तिला आधी एकटीला भेटा. अध्याय समजावायला जाऊ नका. ती आता सुरक्षित आहे का, एवढं विचारा. यहेज्केल अडीच हजार वर्षं थांबलाय, आणखी आठ दिवस थांबेल.

खाडीकाठ

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू आहे. मूळ रेवदंड्याकडचे आम्ही, आता ठाण्यात. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण हा अध्याय आमच्याकडे जुन्या काळापासून वादाचा आहे.

शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोराहच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) वाचनानंतर संदेष्ट्यांमधला एक भाग वाचतात, त्याला हफ्तारा म्हणतात. मिश्नेत, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, मगिल्ला या भागात, रब्बी एलिएझर स्पष्ट सांगतात की "यरुशलेमेला तिची अमंगळ कृत्यं कळव" हा अध्याय हफ्तारा म्हणून वाचायचा नाही. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चाग्रंथात, त्यावर एक प्रसंग आहे. एक माणूस त्यांच्यासमोर हा अध्याय वाचत होता. ते त्याला म्हणाले, यरुशलेमेची पापं तपासायच्या आधी जा आणि तुझ्या आईची तपास. तालमूदचा निर्णय मात्र त्यांच्या मताप्रमाणे लागला नाही. वाचावं, आणि भाषांतरही करावं, असं ठरलं. पण तो प्रसंग पुसून टाकला नाही, ठेवला. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कोणीतरी एक जण खूप आधी म्हणाला होता की हे मोठ्याने वाचताना समोर कोण बसलंय ते बघ.

अरामी भाषांतर करणाऱ्यांनी तर चित्रच बदललं. त्यांच्याकडे ती पोर म्हणजे मिसरात गुलाम असलेले इस्राएल लोक, आणि रक्त म्हणजे सुंतेचं आणि वल्हांडणाच्या कोकराचं रक्त. नवरा-बायकोचा प्रसंग त्यांनी जवळजवळ गाळूनच टाकला.

आता घरातली गोष्ट सांगतो. ६ व्या वचनातलं "तुझ्या रक्तात जग" हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या सुंतेच्या वेळी म्हणतात. दोनदा म्हणतात, कारण मूळ वचनातही ते दोनदा आहे. माझ्या नातवाच्या वेळी तो आठ दिवसांचा, किंचाळत होता, आणि माझा आवाज फुटत नव्हता. सहाव्या-सातव्या वचनाचा हाच भाग पेसाखच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या हग्गादा या पुस्तकातही येतो. १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा छापली, एका बाजूला इब्री, एका बाजूला मराठी. आमच्या आजोबांकडे तसलीच एक जुनी प्रत होती. ते आधी इब्रीत म्हणायचे, मग आम्हा पोरांसाठी मराठीत. ती माळावरची टाकलेली पोर मी लहानपणी मराठीतच ओळखली. तिला पुढे काय झालं हे मला वयाची तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, कारण सणाला ते कोणी वाचत नाही.

६३ वचनांमधून आमच्या लोकांनी पाळण्याजवळ आणि सणाच्या ताटाजवळ ठेवायला ही दोन निवडली. बाकीची जाळली नाहीत. पुस्तकात आहेत.

माणदेशी

मला इब्री येत नाही, पण होशेयातली एक गोष्ट मराठी माणसालाच जास्त कळेल असं वाटतं. दुसऱ्या अध्यायाच्या १६ व्या वचनात परमेश्वर म्हणतो, त्या दिवशी तू मला 'इशी' म्हणशील, यापुढे 'बाली' म्हणणार नाहीस. दोन्हींचा अर्थ नवराच. पण 'बाल' म्हणजे मालक, धनी, शिवाय ते कनानी लोकांच्या दैवताचंही नाव. आणि 'इश' म्हणजे माणूस.

आमच्या गावाकडे माझी आजी नवऱ्याला 'धनी' म्हणायची. शेत त्यांचं, बैल त्यांचे, तीही त्यांची. माझी आई मात्र वडिलांबद्दल बोलताना "माझा माणूस" म्हणायची. "माझा माणूस बाजारला गेलाय." हे वचन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या दोघींचे आवाज ऐकू आले. देव म्हणतोय, मला धनी म्हणू नको, माझा माणूस म्हण.

होशेय साफ निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. त्याच अध्यायात वरच तिला नागवी करण्याची धमकी आहे. होशेयाच्या पोरांची नावं तर ऐकवत नाहीत: एकीचं 'दया नाही', एकाचं 'माझे लोक नाहीत'. त्या लेकरांनी काय केलं होतं? पण तिसऱ्या अध्यायात तो दूर गेलेल्या बायकोला परत आणायला जातो तेव्हा १५ शेकेल चांदी आणि वर दीड होमर जव देतो. थोडी चांदी, बाकी धान्य. माझ्या मनात येतं की त्याच्याकडे तेवढी रोकड नव्हती, म्हणून घरातलं होतं ते उचलून आणलं.

इब्री_वाचक

दिवाबत्ती, २३:४८ चा मुद्दा मान्य. मी तो टाळत होतो हे आता लक्षात आलं.

बाईंसाठी एकच भर घालतो. ४९ वं वचन वगळू नका. सदोमेचं (देवाने पापामुळे नाश केलेल्या शहराचं) पाप म्हणून तिथे जे सांगितलंय ते बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळं आहे: गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा, आणि गरीब-गरजवंताचा हात धरला नाही. आणि यरुशलेम तिच्याहून वाईट, असं पुढे आहे. इतकी सगळी व्यभिचाराची भाषा वापरून झाल्यावर आरोपपत्राच्या मध्यावर ही ओळ येते.

नगरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

दिवाबत्तींचं ऐकलं. सोमवारी तिच्या घरी गेले. ती आता बहिणीजवळ राहते, दोन गल्ल्या सोडून, तीन वर्षं झाली. मला हे माहीत नव्हतं. दर बुधवारी शेजारी बसून मला माहीत नव्हतं. चहा प्यायलो, अध्यायाबद्दल बोललो नाही. निघताना तीच म्हणाली, "ते अर्धं राहिलंय ना?"

त्या रात्री झोप येईना म्हणून पुढची पानं उलटत राहिले आणि २४ व्या अध्यायावर थांबले. तो इतक्या वेळा वाचलाय, पण १६ आणि २३ नंतर लागोपाठ कधी वाचला नव्हता. परमेश्वर यहेज्केलाला सांगतो, तुझ्या डोळ्यांचं जे सुख ते मी एका घावात काढून घेणार आहे, तू रडायचं नाहीस. सकाळी तो लोकांशी बोलला, संध्याकाळी त्याची बायको मेली. दुसऱ्या सकाळी त्याने सांगितल्याप्रमाणे केलं: डोक्याला फेटा, पायात जोडे, तोंड झाकलं नाही. म्हणजे इतकं भयंकर बोलणाऱ्या या माणसाच्या घरात एक बाई होती आणि ती त्याच्या डोळ्यांचं सुख होती. तिने २३ वा अध्याय त्याच्या तोंडून ऐकला असेल का? मला याने उत्तर मिळालं नाही. उलट आणखी एक बाई मिळाली, जिच्या मरणाचीही खूण केली गेली. मी बराच वेळ दिवा चालू ठेवून बसले.

बुधवारी मी नियम मोडला. आधी सांगितलं की आज कोणाच्या वाट्याला काही येणार नाही, जिला वाचावंसं वाटेल तिने वाचावं, नको असेल तिने गप्प बसावं, उठून बाहेर गेलात तरी चालेल. मग मनहेमाची चांदी आणि मंदिराच्या दाराचं खरवडलेलं सोनं सांगितलं. "तुझी घरं जाळतील" इथलं अनेकवचन दाखवलं, त्यावर दोघी-तिघींनी वहीत लिहून घेतलं. रब्बी एलिएझरांचा प्रसंग सांगितला. आमची दाई म्हणाली, "शहाणा होता." मी त्यांना असंही सांगितलं की देवाचा राग खरा आहे असं मी मानते, गरिबाचा हात न धरणाऱ्या शहरावर तो आलाच पाहिजे असंही मानते, आणि तरी नवऱ्याने बायकोला दारात उघडी करणं या चित्रातून तो मला समजून घेता येत नाही. पाळक साहेबांच्या कानावर हे जाईल. जाऊ दे.

४० ते ५८ मी एकटीने वाचलं. ५९ पासून कोणीतरी वाचेल म्हणून थांबले. तिनेच पुस्तक ओढून घेतलं. ६० वं वाचलं, तुझ्या तरुणपणी केलेल्या कराराची मी आठवण करीन, ते. ६३ व्या वचनात ती लाजेने पुन्हा तोंड उघडणार नाही असं आहे. तिथे थांबली, वाचलं नाही. पानं मागे उलटून चौथ्या वचनावर गेली आणि तिथून सातव्यापर्यंत सावकाश वाचलं, नाळ, पाणी, मीठ, दुपटं, माळ, जग, जग.

मग तिने मला विचारलं, "बाई, त्या पोरीचं नाव काय ठेवलं?"

मी म्हटलं, यरुशलेम.

पुढच्या बुधवारी काय वाचायचं ते अजून ठरलं नाही. त्यांना माणदेशींच्या आईची गोष्ट सांगितली, तर चौघी जणी होशेय म्हणतायत.